म्हाळोजींनी कापली वावडी परत आणिली त्याचे वर्तमान

श्रीगजानन प्रसन्न, कुलस्वामिनी साह्य असो. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, चैत्रमास, वसंतऋतु. ते समयी आमच्या राज्याची वकिली चीनदेशी एका पुरातन नगरास गेली आणि तेथे जे डोळां देखिले ते लिहितो. ऐकोन कोणी हसावे तर हसावे, आम्हांस तर दरदरून घाम फुटला.

नगर थोर, तट बुलंद, कालव्याकाठी वाळुंजाची झाडे कोवळ्या पालवीने लवलेली. आणि सण ऐसा की, आदले दिवशी अवघ्या नगरात चूल पेटवू नये! सुभेदारापासून कोष्ट्यापर्यंत सर्वांनी गार भात खादला, आणि आम्हांसही तोच वाढिला. शिव शिव! पाहुण्यास शिळे! मग दुसरे दिवशी लोक नटून थटून निघाले ते थेट पूर्वजांच्या थडग्यांवर, आणि तेथे झाडलोट केली, मद्य शिंपडिले, आणि मग तेथेच फराळास बसले, हसतात काय, गातात काय! थोरथोर पुरुषांनी डोकीस वाळुंजाच्या डहाळ्या खोविलेल्या. आमचे पथकाचे सरदार म्हाळोजी पांगारे, तलवारीस वाघ आणि बुद्धीस लेकरू, कानाशी लागोन पुसते जाहले, "पंत, यांची डोकी ठिकाणावर आहेत ना?" आम्ही म्हणालो, "गप बसा, आणि भात गिळा."

मग वावड्या उडविण्याचा समय आला. सुभेदारांची कन्या लान, वय वर्षे सात, चार महिने खोकल्याने झिजोन काडी जाहलेली, पालखीतून आणिली. तिची वावडी पाकोळीच्या आकाराची, कागदावर काही अक्षरे लिहिलेली. वावडी आभाळी चढली आणि सुभेदारांच्या बाईसाहेबांनी स्वहस्ते कातरीने दोरा कापिला. ते आम्ही पाहिले. म्हाळोजींनी पाहिले नाही. त्यांची नजर आभाळी. त्यांस वाटले, दोरा तुटला, आता आजारी पोर रडेल. मग काय पुसता! "काटली रे काटली!" ऐसी आरोळी ठोकिली आणि जोडे टाकोन धावले, थडगी ओलांडिली, गार तळ्यात गळ्याइतके शिरले, वावडी धरिली, आणि चिंब भिजोन माघारी येवोन मुजरा करोन पोरीच्या मांडीवर ठेविली.

बाईसाहेबांनी किंकाळी फोडिली. दुभाषी धावोन आला आणि बोलिला, "अहो, काय केलेत हे! कागदावर पोरीचे नाव आणि तिचा रोग लिहिला होता. दोरा कापिला म्हणजे रोग वाऱ्यावर गेला. तो तुम्ही घरपोच आणिलात!" करावयास गेले गणपती आणि जाहला मारुती! सुभेदारांचे तोंड पांढरे फटक, शिपायांचे हात तलवारींच्या मुठींवर. आमची वकिली तेथेच बुडाली ऐसे वाटले. परंतु खरे म्हणावे तर त्या माउलीकडे पाहवेना.

म्हाळोजी दुभाष्यास म्हणाले, "जो उचलील त्यास रोग लागतो का?" तो म्हणाला, "लोक तैसेच मानितात." "मग मी उचलिली ना? पोरीने हातही लाविला नाही. बाईसाहेबांस सांगा, ताई, तुमच्या लेकीचे दुखणे आता माझे जाहले. नाव खोडा आणि माझे घाला." ऐसे म्हणोन मांडीवरची वावडी उचलोन उराशी धरिली आणि मोठ्याने खोकू लागले, खो खो खो, कमरेत वाकोन! आम्ही सर्द जाहलो. बाईसाहेब डोळे फाडोन पाहू लागल्या, मग दोन्ही हात जोडोन त्यांपुढे लवल्या, आणि रडू लागल्या. पोर मात्र ती सोंगे पाहोन खुदकन हसली. सुभेदारांनी शिपाई माघारी फिरविले.

आठ दिवसांनी कूच जाहले. नगर दोन मुक्काम मागे पडले तरी म्हाळोजी खोकतच होते. आम्ही चिडोन म्हणालो, "पुरे आता, म्हाळबा! इथे कोण पाहते आहे?" ते घोड्यावरच वाकले, पटक्याने तोंड पुसले, आणि म्हणाले, "पंत, हा सोंगाचा नव्हे."

वैद्यांनी तळ्याच्या गार पाण्याचा दोष सांगितला. आम्हीही तेच मानितो. म्हाळोजी आषाढात निवर्तले. पोर बरी जाहली ऐसे व्यापाऱ्यांनी सांगितले ते त्यांच्या कानी पडले होते. जे जाहले ते लिहिले.