रज्जाकभाईंचा टोन

युसूफ वडगाव इथल्या एका हळदीत रज्जाकभाईंनी आचाऱ्याला पुऱ्या तळणं थांबवायला लावलं. का, तर म्हणे, "ट्रेबलमध्ये येतंय." कढईची चरचर त्यांच्या गिटारच्या वरच्या, बारीक आवाजात मिसळत होती. आचारी झारा हातात धरून उभा राहिला, पंगत खोळंबली आणि नवरीच्या वडलांनी येऊन मला सुनावलं. मलाच, कारण आमच्या ऑर्केस्ट्राची सुपारी घेण्यापासून जेवणाच्या डब्यांपर्यंत सगळी व्यवस्था माझ्याकडे असते.

मी तेलगावच्या शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी लग्नात, हळदीत जुनी गाणी गाते. कार्यक्रमाला निघताना माझी यादी तयार असते: वायरी, माईक, सतरंजी, पाण्याचा जार, घशासाठी खडीसाखर. प्रत्येक कामापुढे वेळ लिहिलेली. फक्त 'रज्जाकभाईंचा टोन', म्हणजे गिटारचा आवाज त्यांच्या मनासारखा लावणं, या कामापुढची जागा मी कोरी सोडते. ते कधी संपेल हे त्यांनाही ठाऊक नसतं.

रज्जाकभाई फळांचे व्यापारी. वखारीत गवतात सीताफळं पिकायला घालतात, आणि गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरकडेही त्याच नजरेनं बघतात. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवलेला त्यांना चालत नाही. खाली फळांची लाकडी पेटी, पेटीत गवत, आणि वर अ‍ॅम्प. मग गिटार आमच्या कीबोर्डवाल्या बापूच्या गळ्यात अडकवायची, त्याला एकच सूर छेडत ठेवायचं आणि स्वतः मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बायकांच्या सतरंजीजवळ उकिडवं बसायचं. एका कानाला मोबाईल, त्यावर मूळ गाणं. दुसरा कान मांडवाकडे. मग उठून यायचं, बटण केसभर फिरवायचं आणि पुन्हा जाऊन बसायचं.

सीताफळ तयार झालं की त्याचे डोळे उघडतात, खवल्यांमधल्या रेघा पिवळसर होतात. रज्जाकभाईंनी ते टोनलाही लावून टाकलंय. "डोळे उघडले न्हाईत अजून," असं म्हणत ते मान हलवतात. बापू घरचा कापूसवाला शेतकरी, पण त्याला धीर अजिबात नाही. "बास कर बे रज्जाक, नवरीची हळद वाळून चालली," तो म्हणतो.

"तू वाजव. कावून बोलतो?"

त्यांचा नियम एकच: रेकॉर्डवर जसं, तसंच. सूर तोच, पट्टी तीच, गिटारची खरखरसुद्धा तीच. एका लग्नात नवरदेवाच्या मामांना गायची हुक्की आली. मामांचा आवाज वर पोचेना, म्हणून त्यांनी पट्टी खाली घ्यायला सांगितली. रज्जाकभाईंनी गिटार सरळ खोळीत घातली. मामा आधी रागावले, मग विनवायला लागले, शेवटी स्वतःचं वय काढून रुसले. रज्जाकभाई हलले नाहीत. पट्टी बदलली की गाणं दुसरं होतं, मग ते दुसऱ्या नावानं विकावं, पेरू दाखवून बोरं देऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी माझं थायरॉईडचं ऑपरेशन झालं. बोलणं परत आलं, पण आवाज जाड झाला, एक मजला खाली उतरल्यासारखा. गाण्याचं पुढं बघू, एवढंच डॉक्टर म्हणाले. घरी दार लावून मी गाऊन पाहिलं. पूर्वी सहज चढायचे, त्या जागी नुसती हवा निघाली. गाण्याशिवायच्या रविवारी करायचं काय, हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. पण रेकॉर्डवरच्या पट्टीत मी पुन्हा गाऊ शकणार नव्हते आणि रज्जाकभाईंचा नियम मला माहीत होता. मी त्यांना फोन केला आणि माझ्या जागी दुसरी गायिका बघा म्हणून सांगितलं.

त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सीताफळांना यंदा कीड लई आहे, असं सांगायला लागले. मग शाळेत पटसंख्या किती, माझ्या चकलांब्याच्या बहिणीचा मुलगा काय करतो, आमच्या गल्लीत नळ कधी येतो. मला वाटलं, विषय टाळतायत. मी कंटाळून उत्तरं देत राहिले. शेवटी म्हणाले, "रविवारी वखारीत या ताई. चहाला."

रविवारी गेले. बापू कीबोर्डवर बसला होता. रज्जाकभाईंनी अ‍ॅम्प सुरू केला आणि आमचं हळदीतलं पहिलं गाणं छेडलं. ते खालच्या पट्टीत होतं, चांगलं दोन सुरांनी. मी बापूकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले. गिटारही ओळखू येत नव्हती, मधोमध कुणी पोखरल्यासारखी वाजत होती.

बापू म्हणाला, "सकाळपासून असाच बसलाय. रिकाम्या डब्यासारखी गिटार केलीय आन् म्हणतो, पिकली."

"ही पट्टी कुठून काढली?" मी विचारलं.

"फोनवर ऐकलं की. आता तुमी कुठल्या सुरात बोलता, ते बघून घेतलं." मग अ‍ॅम्पच्या मधल्या बटणावर बोट ठेवून ते म्हणाले, "गिटारचा गर असतो ह्या मिडात, मधल्या आवाजात. तुमचा आवाज आता हितंच येतो. दोघं एका जागी आले की धक्काबुक्की होती. म्हणून मी मिड काढला. मधी तुमची जागा धरून ठेवलीय."

"आणि रेकॉर्ड?"

"रेकॉर्डवर तुमी न्हाई ना," ते म्हणाले, आणि लगेच वायर गुंडाळण्यासारखं काहीतरी करायला लागले.

तेव्हापासून आम्ही त्याच पट्टीत गातो. आभार मानायला गेलं की रज्जाकभाई चहाचं विचारतात, म्हणून ते इथं मानून घेते. त्या रविवारी वखारीत मी माईक घेतला. पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. आवाज माझाच होता, आणि त्याच्या आड काही येत नव्हतं. तिसऱ्या ओळीला, वरच्या जागी, तो फाटला. रज्जाकभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तिथं हळूच एक सूर लावला आणि मी खाली येईपर्यंत तो सोडला नाही.