शिक्का गडावर, मोर्तब बंदरी: तळेखिंडीस राजधानी कैसी जाहली

श्री. ज्या पाण्याने तहान भागली त्या पाण्यास आधी नमस्कार, मग राजास, मग वाचणारांस. प्रमादीनाम संवत्सर, शकाचे आकडे वाळवीने खाल्ले, मास मात्र फाल्गुन हे निश्चित, ते समयी एका राज्यात राजधानी कोठे असावी ऐसा प्रश्न पडला, त्याचा मजकूर येणेप्रमाणे.

थोरले महाराज कैलासवासी जाहले आणि धाकटे महाराज गादीवर बसले, आणि राज्य तर दोन तुकड्यांचे सांधलेले, खाली समुद्रकाठी बंदर आणि वर घाटमाथ्यावर गड, आणि दोहींचे एकमेकांशी पटेना. बंदरकर म्हणू लागले, गलबते आमचेकडे लागतात, राज्याचे पोट आमचेकडे, सबब राजधानी आमची. गडकर म्हणू लागले, शत्रू आला तर गलबतात बसून पळणार काय, सबब राजधानी आमची. मग महाराजांनी सभा भरविली आणि पुसिले, "राजधानी म्हणजे काय, ते आधी सांगा." तेव्हा एक बोलिला, सिंहासन असते ती. दुसरा बोलिला, शत्रूने घेतली असता राज्य बुडते ती. तिसरा देशोदेशी फिरलेला होता, तो बोलिला, "महाराज, एका मुलखात हत्ती मोकळा सोडितात आणि तो बसेल तेथे नगर वसवितात. एका मुलखात दोन थोर नगरे भांडली, तेव्हा मध्ये मेंढरे चरत होती त्या माळावर तिसरेच नगर रचिले. आणि एका मुलखात कारभारी एके गावी, सभा दुसरे गावी, न्याय तिसरे गावी." महाराज म्हणाले, "आणि कामास आलेला मनुष्य कोणत्या गावी?" मग हत्ती सोडावा ऐसे ठरू लागले, तो बंदरकर म्हणाले, हत्ती गडाचे पीलखान्यातला, तो गडाकडेच जाणार.

(समासात, बंदरच्या हाताने: आणि गेलाच असता.)

शेवटी दोघांचे मन राखावे म्हणोन ऐसी तोड काढिली की जी दुसऱ्या कोणास सुचली नसती. राजपत्रास माथी शिक्का असतो आणि शेवटी मोर्तब असते. शिक्क्याने हुकूम राजाचा ठरतो आणि मोर्तबाने तो संपतो, कारण मोर्तब नसेल तर खाली कोणीही आपली ओळ वाढवावी, म्हणोन बिनमोर्तबाचे पत्र कोणी मानीत नसे. तर शिक्का गडावर ठेविला, अवधूतपंत सबनिसांचे हाती, आणि मोर्तब बंदरी ठेविले, लाडोबा शेणव्यांचे हाती, आणि आज्ञा जाहली की दोहोंपैकी एकही आपले गाव सोडील तर नेणाराचा हात कलम व्हावा. दोन्ही गावी तोफा वाजल्या, साखर वाटली, आणि राज्याचा कारभार तेथेच थांबला.

आता तळेखिंडीचा मजकूर. घाटाच्या मध्यावर खिंड, खिंडीत गाव, गावास एक तळे, आणि त्या तळ्यावर खालची सगळी शेते. पाटील वारले होते आणि पाटिलकी गिरजाऊ पाटलीण सांभाळीत होत्या. त्या वर्षी तळ्याचा बांध मधोमध फुटू लागला, फटीत हात जाईल ऐसा. गावाने माती लोटिली ती वाहून गेली. दगडी काम पाहिजे, आणि मुलखातले सगळे पाथरवट सरकारी चाकरीत गडाचा तट बांधीत होते. ते द्यावे म्हणोन गिरजाऊंनी अर्ज केला. मृग लागण्याआधी बांध न सावरता तर तळे एका पाण्यात जाणार आणि त्यामागे गावही उठणार. अवधूतपंतांनी पत्र लिहून शिक्का केला आणि बंदरास धाडिले. बंदरी लाडोबा म्हणाले, पत्रात गडाचे नाव आधी कां, फिरवून लिहा. गडावर फिरवून लिहिले, तो बंदरी कागद नापसंत. आणि गडाहून बंदरास जाणारी वाट खिंडीतूनच, म्हणोन हरकारा दर खेपेस तळ्यावर पाणी प्यावयास थांबे.

गिरजाऊ पुसत, "सटवाजी, आमचे पत्र कुठवर आले?"

"पाटलीणबाई, माझ्या पिशवीत आहे."

"मग दे की."

"अजून संपले नाही हो ते."

ऐसे पुष्कळ दिवस चालले. एके दिवशी गिरजाऊंनी हरकाऱ्यास सांगितले, "आता पत्र राहू दे. तोंडी सांग. दोघांनाही सांग की येऊन फट डोळ्यांनी पहा, आणि मग नाही म्हणायचे तर माझ्या तोंडावर म्हणा." तेव्हा हरकाऱ्याने गडावर सांगितले की बंदरकर जाणार, आणि बंदरी सांगितले की गडकर जाणार. मग अवधूतपंतांनी विचार केला की आपण तिकडे असता मागे शिक्का कोणी वापरला तर, आणि तो कंबरेस बांधून निघाले. लाडोबांनीही तोच विचार केला आणि मोर्तब पागोट्यात खोविले. एकमेकांवरचा विश्वास इतका थोडा, म्हणोनच हे काम जाहले. त्या अविश्वासाचेही उपकार मानिले पाहिजेत.

तळेखिंडीस दोघे चिंचेखाली भेटले. लाडोबा म्हणाले, "पंत, वाळलात. गडावर नुसता वारा वाढतात वाटते पानात." पंत म्हणाले, "वारा तरी स्वच्छ असतो, शेणवीबाबा. तुम्ही आलात हे मला वळणापलीकडून वासानेच कळले." गिरजाऊ म्हणाल्या, "भांडण बांधावर चालून करा. वाट तिकडूनच आहे." मग तिघे बांधावर गेले. लाडोबांनी फटीत हात घातला तो कोपरापर्यंत गेला, आणि आत पाणी हाताला लागले, आणि त्यांनी हात काढिला. पंत खाली शेतांकडे पाहत राहिले. मग पंतांनी कंबर सोडिली. लाडोबा म्हणाले, "अहो, हात जाईल." पंत म्हणाले, "तुमचाही जाईल. एकमेकांस जेवू घालू." त्यावर लाडोबांनी पागोटे उतरविले. शिक्का जाहला, मोर्तब जाहले, पत्र संपले.

(समासात, गडच्या हाताने: पागोटे आधी उतरले ऐसे बंदरी सांगतात, ते खोटे.)

पाथरवट आले, गाव त्यांच्या हाताखाली राबला, मृगाच्या तोंडाशी शेवटचा दगड बसला, आणि पाऊस आला तो तळ्यात राहिला. पण ही वार्ता फाकली, आणि ज्यांची ज्यांची पत्रे अर्धी होती ते सगळे खिंडीत येऊन बसले, कोणी वतनाचा, कोणी वाटणीचा. दोघा कारभाऱ्यांस परत जाववेना आणि राहवेना. मग महाराजांस कळले, आणि महाराज निवाड्यास स्वतः आले.

महाराज म्हणाले, "आज्ञा मोडिली?" दोघांनी हात पुढे केले. महाराजांनी गिरजाऊंस पुसिले, "तुमचे काय म्हणणे?"

"महाराज, आज्ञेचे मला कळत नाही. हे दोघे आले म्हणून गाव गावात आहे. हात घ्यायचाच तर गावाचा घ्या, आम्ही पुष्कळ आहोत."

महाराजांनी भोवती बसलेली माणसे पाहिली, आणि कामास आलेला मनुष्य कोणत्या गावी हे त्यांस तेव्हा समजले. मग दोघांचे हात आपल्या हातात घेऊन म्हणाले, "हे राहू द्या, कामाचे आहेत." आणि गिरजाऊंस म्हणाले, "आम्हांस येथे राहावयाचे आहे. जागा द्याल?"

गिरजाऊ लगेच हो म्हणाल्या नाहीत. गाव चिंचेखाली बसला, बोलला, आणि मग त्या म्हणाल्या, "द्यावी म्हणतो आम्ही. पण तळ्याचे पाणी आधी शेताला, मग वाड्याला. हे चालत असेल तर या." महाराजांनी ते लिहून देवविले, आणि त्या पत्रास शिक्का व मोर्तब एकाच जागी, एकाच दिवशी जाहले.

मग वाडा कोरड्या अंगास बांधिला, कचेरी बसली, बाजार आला. गलबते बंदरीच राहिली, तोफा गडावरच राहिल्या. पुढे एका उन्हाळ्यात वाड्याची विहीर आटली. सरदार म्हणाले, तळ्याचे पाट फिरवा, राजा कोण आहे. महाराज म्हणाले, "करार कोणाचा आहे?" आणि तहान सोसून राहिले. ते गिरजाऊंस कळले, तेव्हा त्यांनी आपल्या वाट्याचे पाणी शेतातून वळवून वाड्याकडे सोडिले, आणि त्या वर्षी त्यांचा ऊस वाळला. महाराज पायी त्यांचे दारी गेले आणि म्हणाले, "पाटलीणबाई, हे कसे फेडावे?" गिरजाऊ ओसरीवर धान्य पाखडीत होत्या, त्या म्हणाल्या, "फेडायचे काय त्यात. गावातल्या घराला पाणी नको?"

तात्पर्य इतकेच की, राजाने गावास आश्रय दिला ऐसे सर्वत्र लिहितात. येथे गावाने राजास आश्रय दिला, आणि राजास ते ठाऊक होते, म्हणोन तळेखिंडीस राजधानी म्हणावे. बहुत काय लिहिणे, पाणी पिऊन निघावे.