आठशेपैकी आठशे वीस

डॉक्टर झालेल्या धाकटीला पुढच्या प्रवेशपरीक्षेत आठशेपैकी पाचशे दोन गुण पडले, मुलाखतीच्या यादीत तिचं नाव सगळ्यात खाली लागलं, आणि तरीही ती घरभर नाचली. मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे वॉर्डात काम करत एम.डी. व्हायची संधी! जागा एकच होती, पण आशेला काय पैसे पडतात?

वडिलांचं सलून इस्पितळासमोरच. पाचशे दोन हा आकडा त्यांना जरा आखूड वाटला. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासत ते म्हणाले, "सहाशेच्या घरात आहेत." गिऱ्हाईक औषधाच्या दुकानातलं, त्याने त्यात पदरचे शंभर घातले. तिथून बातमी इस्पितळातल्या मोठ्या सिस्टरांकडे गेली, आणि त्यांना तर पोरीचं पहिल्यापासून कौतुक.

मुलाखतीच्या सकाळी धाकटी इस्पितळात खोलीबाहेर बसली होती, तिथे आई धावतच आली. "अगं, लिफ्टवाला अभिनंदन करत होता! आठशे वीस पडले म्हणे!"

"आई, परीक्षाच आठशेची होती!"

"म्हणून तर कौतुक!"

धाकटीने कपाळावर हात मारला. आता थापाडी म्हणून दारातूनच हाकलणार, जागा हातची जाणार. तेवढ्यात तिला आत बोलावलं.

"या, आठशे वीस," विभागाचे मोठे सर म्हणाले. शेजारचे दोन्ही परीक्षक खो खो हसले.

"सर, पाचशे दोनच आहेत. थोडे बाबांनी वाढवले, बाकीचे लोकांनी."

"खरा आकडा आहे माझ्यासमोर. आधीच्या सातशेवाल्यांना विचारलं तेच विचारतो. आमच्या वॉर्डातल्या एका पेशंटचं ब्लडप्रेशर उतरत नाही. तो म्हणतो, मी गोळ्या अगदी वेळेवर घेतो. पुढे?"

"पुन्हा विचारते. मग गोळ्यांची पाकिटं मागवून बघते. मग त्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारते."

"एवढा अविश्वास?"

"सर, आमच्या घरात वाढलेलं माणूस पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवत नाही."

सरांनी पेन खाली ठेवलं. "सातशेवाल्यांनी एकजात डोस वाढवला. आणि ह्या पेशंटने महिनाभर गोळीला हातच लावला नव्हता. सोमवारपासून वॉर्डात या!"

धाकटीला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. तरी तिने विचारलं, "पण सर... माझे गुण?"

"गुण दारापर्यंत आणतात, तेवढं त्यांचं काम." सर जरा पुढे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "माझे मात्र विचारू नका. घरी वेगळाच आकडा सांगून ठेवलाय."