वजनासकट रेंज

विष्णुपंतांच्या टेबलाच्या खणात एक पत्र चौदा महिने उत्तराची वाट पाहत पडलं होतं.

पत्र भिकीचं. बारवी धरणाच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत राहणारी ही बाई घरातल्या पत्र्याच्या पेटीत साठ पुस्तकं सांभाळायची आणि वाडीत वाचायला द्यायची. ती बदलून नेण्याचं काम विष्णुपंतांचं. ग्रंथपालाच्या नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही, अशी वीस वर्षं ते दर गुरुवारी दोन पिशव्या घेऊन वर जात. मग डावा गुडघा गेला आणि जाणं थांबलं. भिकीने लिहिलं होतं : "सर, सगळी पुस्तकं तीन-तीनदा वाचून झाली. तुमी रागावला का वारला ते कळत नाय. जे असंल ते कळवा."

वारलेल्या माणसाने कळवायचं कसं, हा विचार भिकीने केला नव्हता. पण विष्णुपंतांना ते जिवंतपणीही जमलं नाही. अकरा मसुदे झाले. 'येतो' लिहावं तर गुडघा आडवा यायचा. 'येत नाही' लिहावं तर पेनच उचलवत नसे.

आणि एका सकाळी कात्रपच्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "मी इलेक्ट्रिक पिकअप घेतोय."

अभिजीतच्या, म्हणजे मुलाच्या, हातातला खारी बिस्किटाचा तुकडा चहात पडून बुडाला. "का?"

"तिला क्लच नसतो. डाव्या गुडघ्याला काही काम नाही."

विष्णुपंतांनी तयारी जय्यत केली होती. सगळी माहितीपत्रकं वाचली होती. वाडीला न्यायची चारशे पुस्तकं दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी बाथरूममधल्या वजनकाट्यावर चढवून त्यांचं वजन वहीत मांडलं होतं. "वाडीला जाऊन-येऊन बावन्न किलोमीटर. छोट्या बॅटरीची रेंज एकशे दहा. म्हणजे दुपटीहून जास्त. मोठी बॅटरी घेणं ही शुद्ध उधळपट्टी आहे."

सासऱ्यांनी सलग इतकी वाक्यं बोललेली तेजलने लग्नानंतर प्रथमच ऐकली. तिने गॅस बारीक केला.

अभिजीत म्हणाला, "बाबा, ट्रायलची गाडी मागून घ्या आणि त्याच वाडीला जा. छोट्या बॅटरीवर घरी परत आलात, तर खुशाल घ्या. अडकलात, तर विषय बंद. कायमचा."

"मान्य," विष्णुपंत म्हणाले.

उल्हासनगरच्या शोरूममधला सेल्समन दिपेश मोठा प्रेमळ होता. "अंकल, बेस मॉडेल कोई लेता नहीं. टच स्क्रीन घ्या, मागचा कॅमेरा घ्या. ये देखो, मोबाइलवरून एसी चालू होतो."

"माझ्याकडून मोबाइलसुद्धा धड चालू होत नाही."

"अलॉय व्हील?"

"नको."

"सीट कव्हर तरी?"

"नको." भाजीवालीला कोथिंबिरीची जुडी परत करायला घाबरणाऱ्या विष्णुपंतांनी एका दमात इतके नकार दिले, की नंतर त्यांना दोन ग्लास पाणी प्यावं लागलं.

गुरुवारी सकाळी गाडी निघाली. स्टिअरिंगवर विष्णुपंत, शेजारी दिपेश, मागे हौद्यात चारशे पुस्तकांची खोकी. खरवई मागे पडलं. धरणापाशी, चढाच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत बॅटरी ऐंशी टक्के होती. सगळं वहीबरहुकूम.

तिथल्या चिंचेखाली माणसं उभी होती.

त्या रस्त्याचा एक रिवाज आहे. एसटी वर जात नाही, म्हणून वर जाणारी गाडी रिकामी जात नाही. हात केला की थांबायचं, माणसं चढली की निघायचं. वीस वर्षं विष्णुपंत स्वतः त्याच चिंचेखाली पिशव्या घेऊन उभे राहिले होते, आणि दुधाच्या टेम्पोवाल्याने त्यांना कधी वजन विचारलं नव्हतं. त्यामुळे हात वर झालेला दिसला आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला.

हे वहीत नव्हतं.

देऊ सिमेंटच्या चार गोण्या घेऊन चढला. गयाबाई करडू घेऊन चढली. त्यांच्यामागून आणखी नऊ जण चढले.

"अंकल, माणसं अलाउड नाही," दिपेश कळवळून म्हणाला. "ये तो माल का गाडी है."

"आरं, तू बसलायस नव्हं त्यात?" मागून गयाबाईने विचारलं. "मंग आमी काय पाप केलं?"

गाडी चढाला लागली. घरून अभिजीतचा फोन दर दहा मिनिटांनी येत होता. "टक्के किती?"

"एकसष्ट," दिपेश म्हणाला. मग "चव्वेचाळीस." मग नुसताच उसासा. वाडीत पोहोचले तेव्हा आकडा होता सत्तावीस, आणि बावन्नांपैकी अजून सव्वीस किलोमीटर बाकी होते.

भिकी अंगणात उभी होती. तिने विष्णुपंतांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "म्हंजे वारला नाय."

"नाही."

"मंग रागावला व्हता."

विष्णुपंतांनी हौद्यातलं एक खोकं पुढे ओढलं. "हं... ही खोकी कुठे ठेवू?" ते म्हणाले.

खोकी उतरली, पण दिपेशचा चेहरा काही उजळेना. विष्णुपंतांनी त्याला धीर द्यायचा म्हणून माहितीपत्रकातला परिच्छेद सांगितला : उतारावर ही गाडी थोडी बॅटरी परत भरते. वजन जास्त असलं तर जास्त भरते.

हे हळू बोलायला हवं होतं.

"सरांच्या ब्याटरीला वजन पायजे," देऊने हाळी दिली. क्षणात बारा माणसं हौद्यात येऊन बसली. मघाशी आलेली होतीच, वर गयाबाईची सूनही आली. कोणी तरी दळायचं जातंही चढवलं. गाडी उतरू लागली, आकडा खरोखरच वाढू लागला, आणि दिपेश प्रत्येक वाढता टक्का मोठ्याने म्हणू लागला. मागून सगळी वाडी त्याच्याबरोबर म्हणू लागली. चिंचेपाशी आकडा होता बत्तीस.

"बत्तीस?" फोनवर अभिजीत म्हणाला. "पुढे तर सपाट चौदा किलोमीटर. मग जिंकलात की बाबा."

विष्णुपंतांनी सगळ्यांना हात जोडले. सगळ्यांनी त्यांना हात जोडले. आणि सगळे चिंचेखाली जाऊन उभे राहिले.

"तुम्ही आता वर कसे जाणार?" विष्णुपंतांनी विचारलं.

"बघू," देऊ म्हणाला. "दुधाचा टेम्पो हाय की. उद्या सकाळी."

"तुमी जावा सर," गयाबाई जात्यावर टेकत म्हणाली. "आमी बसतो हितंच."

"अंकल, सीधा घर," दिपेश म्हणाला.

विष्णुपंतांनी स्टिअरिंग वळवलं.

"अंकल, घर उस तरफ है."

"मला माझं घर कुठे आहे ते कळतं," विष्णुपंत म्हणाले, आणि हौद्याचं फळकं उघडायला स्वतः खाली उतरले.

वाडीच्या आधीच्या शेवटच्या चढावर आकडा संपला. गाडी ज्यांच्यासाठी चढत होती, त्यांनीच ती ढकलत पिठाच्या गिरणीपाशी नेली. गाडीला वीज द्यायची तर गिरणी बंद ठेवावी लागत होती. ती बंद झाली. दळणाचे डबे रांगेत ठेवून बायका नव्या खोक्यांतली पुस्तकं काढून बसल्या.

फोन वाजला. "टक्के किती?"

"शून्य."

"म्हणजे अडकलात."

"अडकलो."

"मग ठरल्याप्रमाणे विषय बंद."

"पैज मी हरलो, अभिजीत. साफ हरलो," विष्णुपंत म्हणाले. "गाडी मात्र घेतोय."

पलीकडून तेजलचं हसू ऐकू आलं.

"मोठ्या बॅटरीची घेतोय," विष्णुपंत पुढे म्हणाले. "चढाला अकरा माणसं धरायची."

"बारा," गयाबाईने पुस्तकातून मान वर न करता सांगितलं. "माज्या सुनंला मोजा."

शोरूममध्ये दिपेशने पुन्हा फॉर्म पुढे केला. "स्क्रीन नको, कॅमेरा नको. अंकल, कुछ तो लो."

"हौद्याला दोन्ही बाजूंनी धरायला दांडे. आणि मागे चढायला पायरी."

"किसके लिए? माणसं अलाउड नाही, तुम्हाला बोललो ना."

"पुस्तकांसाठी."

"पुस्तकं पायरी चढतात?"

"आमच्याकडे चढतात. लिहा."

गाडी बुधवारी हातात येणार होती. सोमवारी दुपारी विष्णुपंतांनी मसुदा न करता पत्र लिहिलं : "भिकी, वारलो नाही. रागावलोही नव्हतो, लाजत होतो. या गुरुवारपासून दर गुरुवारी येतो." पाकीट चिकटवून ते पोस्टात गेले आणि खिडकीतल्या बाईंना त्यांनी भीत भीत विचारलं, "गुरुवारच्या आत पोहोचेल का?"

बाईंनी पत्ता वाचला. "या वाडीचं टपाल वर जायला गाडी मिळाली तरच जातं, काका. आमचा पोस्टमन चिंचेखाली उभा राहतो. पण या गुरुवारी नक्की जाईल. कोणी म्हातारे नवीन पिकअप घेऊन जाणारेत म्हणे, त्यांच्या मागे बसणारे तो."

विष्णुपंतांनी मनातल्या मनात बाराचे तेरा केले आणि पत्र पेटीत टाकलं.