पैलवान कोरणारी करवत

वस्तू कशी निवडावी, हे कोल्हापुरात कुणी शिकावं तर माझ्याकडून! उगाच नाही सांगत. आमच्या घरातला कुकर मी निवडलाय, पंखा मी निवडलाय, आणि रुचिताला बघायला गेलो तेव्हा "हीच!" असं पहिल्या फटक्यात मीच म्हणालो होतो. (तिला विचारलंत तर ती म्हणते, निवडताना चूक झाली ती तिच्याकडून. तो भाग सोडा.)

तर या रुचितानं, म्हणजे माझ्या बायकोनं, उचगावात भडंगाचं दुकान काढायचं ठरवलं. इतकी वर्षं पै-पाहुण्यांना डबे भरभरून फुकट खायला घातलं, आता विकायचं! गाळा मिळाला, दसऱ्याचा मुहूर्त निघाला, पेंटरला नावाची पाटीसुद्धा सांगून झाली. आणि नेमकं तिथं मी तोंड उघडलं.

"पाटी? पत्र्याची? अगं, पत्र्याच्या पाट्या काय गल्लोगल्ली लटकतात! मी तुला पैलवान कोरून देतो. लाकडाचा! माणसाएवढा उंच, एका हातात भडंगाचा पुडा, आणि छातीवर दुकानाचं नाव!"

"तुम्ही?"

"मी!"

"तुम्हाला पेन्सिलीला टोक काढता येत नाही, अहो."

"टोक ब्लेडनं काढतात. हे चेनसॉनं!"

हा नाद मला मोबाईलवरून लागला. हापिसात दुपारचा डबा झाला की मी व्हिडिओ बघत बसतो. परदेशातला एक दाढीवाला बाबा बॅटरीवरची चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, हातात घेतो, ओंडक्याभोवती गरगर फिरतो आणि आतून अस्वल बाहेर काढतो! चहा निवायच्या आत! म्हटलं, त्याच्या लाकडातनं अस्वल निघतंय, तर आमच्या लाकडातनं पैलवान निघायला काय हरकत आहे? त्या भरातच पेंटरला फोन लावला आणि पाटी रद्द करून टाकली.

"बघा हं," रुचिता म्हणाली. "माझ्या नावाचं पहिलंच काहीतरी होतंय. दाराशी नाव पाहिजे मला."

हे ती हळू बोलली. आमची ही मोठ्यानं बोलली तर भ्यायचं कारण नसतं. हळू बोलली की मात्र माणसानं जपून राहावं. मी राहिलो नाही.

कागलच्या बाहुबली मामांनी वाऱ्यात पडलेल्या आंब्याचा ओंडका ट्रॉलीतून पाठवला आणि तो गाळ्यासमोर आडवा उतरवला. लगेच माझी आई, राजमती, तिथं चष्मा लावून हजर! आम्ही जैन. लाकडाला करवत लावायच्या आधी आत कोण राहतं याची चौकशी होते. आईनं ओंडका सगळ्या बाजूंनी तपासला, तर निघाली मुंगळ्यांची चाळ! मग गुळाचा खडा दाखवत दाखवत ती सगळी वरात समोरच्या लिंबाच्या झाडाखाली नेऊन पोचवायची होती. मुंगळ्यांना घाई नव्हती, आईलाही नव्हती. माझा एक रविवार त्यात गेला.

बाकीचे रविवार करवत निवडण्यात गेले. मला सगळं तोंडपाठ होतं! कोरायच्या करवतीचं पातं आखूड पाहिजे, टोक निमुळतं पाहिजे, वजन हलकं पाहिजे, कारण ती हातात धरून नाचवायची असते. साखळी पाना न लावता ताणता आली पाहिजे. हाताला झटका बसला की ब्रेक लागला पाहिजे. शाहूपुरीतल्या दुकानांत मी इतक्या वेळा गेलो की एका ठिकाणी मी पायरी चढलो की नोकर चहाला म्हणून सटकायचा.

असं करत करत अष्टमीची संध्याकाळ आली आणि मी निर्णय घेतला. छोटी, हलकी, आखूड पात्याची! खरेदीला निघालो, तर आईनं फर्मान काढलं, "मामाला घिऊन जा. तुला कुणीबी गंडवतंय."

बाहुबली मामांनी उभ्या आयुष्यात दुकानदारानं सांगितलेल्या किमतीला एकही वस्तू घेतलेली नाही. देवळाबाहेर चप्पल राखणाऱ्या बाईशीसुद्धा घासाघीस करतील! दुकानाचा मालक शार्दूल म्हणून होता, त्यानं माझी छोटी करवत काउंटरवर ठेवली. मामांनी ती एका हातानं उचलली, उलटी केली, सुलटी केली, कानाशी धरून हलवली.

"ह्ये काय रं, भाच्या? दाढी करायचं मशीन?"

"मामा, कोरायला हलकीच लागते."

"आरं, पैलवान कोरायलाईस न्हवं? मग पैलवानागत मशीन नको व्हय? ती वरची दाखवा, ओ!"

वरची म्हणजे काय, अहो! तिचं पातं माझ्या हाताएवढं लांब. ती खाली काढताना शार्दूलनं शिडी धरायला दुसऱ्याला बोलावलं. दुकानात पाईप घ्यायला आलेला एक अनोळखी माणूस आपलं काम सोडून पुढं झाला.

"पावणं, घेताय तर हीच घ्या! ती बारकी घिऊन रस्त्यानं गेलासा तर लोक हसतील की!"

आता मला सांगा, सगळं दुकान बघतंय, मामा बघताहेत, अशा वेळी कोल्हापूरचा कुठला माणूस "नको, मला बारकीच द्या" म्हणेल? मी थोरली हातात घेतली. खांदा जरा खाली गेला, पण छाती आपोआप पुढं आली. तो पाईपवाला म्हणाला, "थांबा, फोटू काढतो!" मी एक पाय पुढं टाकून, करवत तिरकी धरून, डोळे बारीक करून उभा राहिलो. एक फोटो पुरला नाही. या बाजूनं घे, त्या बाजूनं घे, असं चाललं होतं, आणि तिकडं काउंटरवर मामा किमतीला भिडले होते.

"लई होत्यात! कमी करा!"

"मामा, न्हाय परवडत ओ. फार तर बॅटरी-चार्जर काढून देतो. नुसतं मशीन न्या."

"काढा की! आमच्यात काय बॅटऱ्यांचा दुष्काळ पडलाय व्हय? टॉर्चची हाय, मोटरसायकलची हाय, इन्व्हर्टरची तर ही एवढी हाय!"

"बघा हं, मामा. नंतर म्हणू नका."

"म्हणणार न्हाय! बोला, निम्मी करा!"

आणि किंमत खरोखरच जवळजवळ निम्मी झाली! मामा गाडीत बसून मांडीवर थाप मारत होते. मीही खूश. फोटो झकास आले होते.

घरी येऊन खोकं उघडलं. करवत निघाली, साखळी निघाली, पात्याचं टोपण निघालं. मी खोकं उलटं केलं, आपटलं, आत तोंड घालून बघितलं.

"मामा, बॅटरी कुठाय?"

मामांनी अभिमानानं सगळी हकिकत सांगितली. सांगता सांगता त्यांनी टॉर्चमधले सेल काढून माझ्यासमोर ठेवले. "घाल की ह्ये! बसत न्हाईत व्हय? दाबून घाल!"

मी धावत शाहूपुरी गाठली. शटर खाली. म्हटलं, हरकत नाही. सकाळी बॅटरी आणू, दिवसभरात पैलवान कोरू, दसऱ्याला उभा करू. दाढीवाला तर चहा निवायच्या आत करतो!

सकाळी दुकान उघडं होतं. आत शार्दूल सोवळं नेसून बसला होता, आणि ड्रिल, पाने, पकडी, हातोड्या, सगळं पाटावर मांडून फुलांनी झाकलेलं! मला दरदरून घाम फुटला. खंडेनवमी! हत्यारांच्या पूजेचा दिवस. आज हत्याराला कुणी कामाला लावत नाही. सगळ्या कोल्हापुराला माहीत असलेली गोष्ट, आणि मी पात्याची लांबी मोजत बसलेलो!

"शार्दूलशेठ, नुसती बॅटरी द्या. बॅटरी काय हत्यार नव्हे."

शार्दूलनं उदबत्ती ओवाळता ओवाळता मान हलवली. "हत्याराचा जीवच की ती! बघा, पाटावर बसलीया. उद्या सकाळी पूजा उचलली की पहिली तुम्हालाच देतो."

मग मात्र, खरं सांगतो, रुचिता आठवली. तिचं ते हळू बोलणं आठवलं. मी अभिमान गिळला आणि पेंटरला फोन केला. "दादा, चुकलं माझं. आजच्या आज पाटी करून द्या. साधी, पत्र्याची, कसलीही!"

"केली असती ओ साहेब! पर ब्रश पूजेत हैत की."

फ्लेक्सवाल्याकडं गेलो. त्याच्या छपाईच्या यंत्राला हा भला थोरला झेंडूचा हार, समोर नारळ! एका सुताराला पटाशी मागितली, तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी नमस्कार करून मागच्या पावली परत आलो. अख्ख्या गावात त्या दिवशी एक अक्षर उमटवायची सोय नव्हती!

घरी आलो तर आईनं माझी करवतही पाटावर बसवली होती. विळी, कोयता, रुचिताची कात्री, मिक्सर, आणि सगळ्यांच्या मधोमध ती! पात्यावर हळद-कुंकू, बॅटरीच्या खाचेत अक्षता, गळ्यात हार. तिला गळा नाही, तरी आईनं तो शोधून काढला होता.

"किती गुणाची दिसतीया," आई म्हणाली. "उद्या सकाळपातूर हात लावायचा न्हाय!"

रुचिता भडंगाचे पुडे भरत होती. तिनं मान वर केली नाही. "पैलवान कुठवर आला?" एवढंच विचारलं. हळू!

"आतच आहे," मी म्हणालो. "ओंडक्यात. बाहेर काढायचा तेवढा राहिलाय."

दसऱ्याला तांबडं फुटायच्या आत मी शार्दूलच्या दारात. बॅटरी आणि चार्जर घेतला, वेळ मिळाला तेवढी बॅटरी चार्ज केली आणि उचगावात गाळ्यासमोर दाखल झालो. पै-पाहुणे जमायला लागले होते. खाचेतल्या अक्षता टोकरून काढल्या, बॅटरी बसली. आईनं हार काढू दिला नाही. "आजच्या दिवस राहू दे त्याला!"

मी बटण दाबलं. करवत अशी काही गरजली की लिंबाखालचे मुंगळेसुद्धा गाव सोडून गेले असतील! हारातला झेंडू साखळीत सापडला आणि पाकळ्यांचा पाऊस पडला, माझ्यावर, आईवर, मामांवर. मामा ओरडले, "फुलं उधळली रं! शुभ झालं! चांगभलं!"

"आधी मान काढतो," मी जाहीर केलं. थोरलं पातं ओंडक्यावर टेकवलं. गेलं की आत! निम्म्यापर्यंत लोण्यात सुरी गेल्यागत गेलं. ओंडका दोन्ही टोकांना विटांवर ठेवलेला, मध्ये खाली आधार नाही. तो मधोमध खचला, चीर मिटली आणि पातं आत गच्च आवळलं गेलं. करवतीनं एक उसासा टाकला. बॅटरी संपली होती.

मी ओढली. मामांनी ओढली. मग मी करवत धरली आणि मामांनी मला धरलं. पाहुण्यांतले दोघं मामांना धरायला उठले. करवत तसूभर हलली नाही. कुणीतरी फोटोही काढले, पण या वेळी मी डोळे बारीक केले नाहीत.

तेवढ्यात मुहूर्त आला. रुचिता बाहेर आली. जरीकाठाची साडी, हातात दिवा. तिनं ओंडक्याकडं बघितलं, त्यात रुतलेल्या करवतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. ती तशीच आत गेली, रांगोळीचा डबा घेऊन आली, आणि दारासमोर फरशीवर वाकून मोठ्या, ठसठशीत अक्षरांत तिनं आपल्या हातानं लिहिलं : रुचिता भडंग. त्यावर हळद-कुंकू टाकलं. काय अक्षर होतं, अहो! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

अडचण एवढीच, की नावाच्या पुढं माझा ओंडका आडवा पडलेला. रस्त्यावरून बघणाऱ्याला नाव दिसत नव्हतं. दिसत होता एक ओंडका आणि त्यात अडकलेली भलीमोठी करवत. गिऱ्हाइकं गाडी हळू करायची, बघायची आणि पुढं जायची. पुडे तसेच रांगेत उभे. रुचिता गल्ल्यावर हाताची घडी घालून बसलेली.

शेवटी एक टेम्पो थांबला. आतून एक धिप्पाड गृहस्थ उतरले.

"राम राम! मी धैर्यशील आचारी. उद्या मंडळाचा महाप्रसाद हाय, चुलवणाला दणकट लाकूड पायजे. तुमची वखार नवीन दिसतीया?"

मी ताडकन उठलो. "वखार नाही ही! हे शिल्प आहे! अजून पूर्ण..."

"काय भाव देणार?" माझ्या मागून आवाज आला. रुचिताचा. मोठ्यानं!

मी वळून बघितलं. ती पदर खोचून उभी होती. मामा लगबगीनं भाव करायला पुढं झाले, तर तिनं त्यांना हातानंच थांबवलं. "मामा, तुम्ही बसा. तुमची घासाघीस बघितली मी." मग आचाऱ्यांना म्हणाली, "काटा करून न्या. वाळलेला आंबा आहे, जाळ चांगला लागेल. करवत मात्र तुम्ही काढून द्यायची. आणि हा पुडा चाखून बघा."

आचाऱ्यांनी मूठभर भडंग तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि महाप्रसादाला पोतंभर सांगून टाकलं! मग कुऱ्हाडीचे चार घाव घालून करवत काढली, माझ्या हातात दिली आणि ओंडक्याला हात घातला. ओंडका हलला तसं मागचं नाव लख्ख दिसायला लागलं, आणि थोड्याच वेळात गाळ्यासमोर गाड्या लावायला जागा राहिली नाही.

रुचितानं आचाऱ्यांचे पैसे कपाळाला लावले आणि गल्ल्यात टाकले. भवानी झाली! सांगायला लाज वाटते, पण "रुचिता भडंग"ची पहिली विक्री म्हणजे माझा पैलवान. जळणाच्या भावानं, किलोवर!

ओंडका टेम्पोत चढवताना एक माणूस कमी पडत होता. मी खांदा दिला. तेवढं एक काम त्या दिवशी माझ्या हातून नीट झालं.