बुधवारचा कोबी

कायतान परेराने मला चौदा महिने फसवलं. दर बुधवारी, माझ्यासमोर मांडी घालून, माझ्याच कोबीत कालवून फसवलं.

लालबागच्या भाजीबाजारात माझा गाळा आहे आणि आजवर मला कोणी गंडवलेलं नाही, हे तिथे कोणालाही विचारा. कोबीचा देठ बघून तो नाशिकचा की पुण्याकडचा, कालचा की परवाचा, हे मी सांगतो. मी येताना दिसलो की दलाल पाणी मारलेला माल पोत्याखाली ढकलतात. असा मी. आणि मला एका बॉयलरवाल्याने बनवलं.

कायतान रांधतो ते कानाने. कढईवर झाकण ठेवलं की लाकडी उलथन्याचं एक टोक झाकणावर टेकवतो, दुसरं कानाला लावतो आणि डोळे मिटून उभा राहतो. डॉक्टर छाती तपासतो तसा. मी दिवसभर ओरडून कावलेला, पोटात आग पडलेली.

"झाला काय रे?"

तो बोट वर करतो. "अजून उलयता."

म्हणजे, कोबी अजून बोलतोय. कोबी गप्प झाला की आतलं पाणी आटलं आणि मगच झाकण काढायचं. त्याआधी मी झाकणाला हात लावला तर उलथन्याचा फटका.

याचं कारण त्याची नोकरी. तीस वर्षं हा माणूस आमच्या भागातल्या एका मिलच्या बॉयलरवर आहे. लोखंडी सळईचं एक टोक पाइपला आणि दुसरं कानाला लावून वाफ ऐकायची, हे त्याचं काम. त्यामुळे त्याच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू हा एक बॉयलरच. माझं तोंडसुद्धा. मी रागावलो, आणि मी रागावतो, की दाब दाखवणाऱ्या तबकडीकडे बघावं तसं माझ्या कपाळाकडे टक लावून तो म्हणणार, "तावडे, काटो तांबड्यार गेलो. वाफ सोड." अशा वेळी माणूस आणखी तापतो, हे त्याला तीस वर्षांत कोणी सांगितलेलं नाही.

आमची ओळख झाली तीच भांडणात. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा नुकती पेटली होती. बाजार एक दिवस उघडा तर दोन दिवस बंद, पालेभाजी सडून जायची, टिकायचा तो कोबी. एका दुपारी हा उंच, काळा, खाकी हाफपँटमधला माणूस गाळ्यासमोर उभा राहिला. एकेक गड्डा उचलून कानाशी धरू लागला आणि त्यावर बोटाने टकटक करू लागला.

"ओ, तो कोबी आहे, दरवाजा नाही!" मी ओरडलो. "आतून कोणी उघडायचं नाही."

त्याने चार गड्डे बाजूला ठेवले, पाचवा घेतला. तो पाचवाच ढिगातला सगळ्यात घट्ट गड्डा होता. मी तो मुद्दाम खाली दडवला होता. वर कहर म्हणजे मी सांगितलेला भाव त्याने जसाच्या तसा मान्य केला. घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकासारखा अपमान बाजारात दुसरा नाही.

"याचं करता काय?" मी विचारलं.

"कोबी, कांदो, सॉसेज. एक कढई. बस." मग माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "तुमी लोक कोबी बारीक चिरता, हळद घालता, पाणी घालता. म्हणजे मारून टाकता."

मी गावचा सावंतवाडीकडचा. बायको-मुलं तिकडेच. मी इथे खोलीवर एकटा आणि जेवायला खाणावळीत. तिथे आठवड्यातून तीनदा हाच मारून टाकलेला कोबी मिळायचा. मी तिथल्या तिथे सौदा मांडला. कोबी आणि कांदे माझे. सॉसेज, कोळसे आणि कढई त्याची. आठवड्यातून एकदा, त्याच्या खोलीवर.

वारावरून अर्धा तास गेला. शुक्रवारी तो मांस खात नाही. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी मी खात नाही. मंगळवारी त्याची पाळी आडवी यायची आणि रविवारी तो चर्चमध्ये जातो तो दुपारीच परततो, तोवर माझी भूक मरते. राहिला बुधवार. "देवांनी एक दिवस आमका ठेवलो," कायतान म्हणाला आणि आम्ही हातावर हात मारला.

आता सॉसेज म्हणजे काय ते सांगतो. ज्यांना शिसारी येते त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. गावी माझ्या घरीही मी अजून हे सांगितलेलं नाही. गोव्याचे ख्रिस्ती लोक डुकराच्या मांसाला मीठ, मिरची, लसूण आणि ताडीचं व्हिनेगर लावून ते आतड्यात भरतात, दोऱ्याने गाठी मारून मण्यांसारखी माळ करतात आणि धुरावर वाळवतात. कायतानची आई तिकडे दरवर्षी अशा माळा करायची. गोव्याची हद्द तेव्हा बंद झाली होती. पलीकडे पोर्तुगीज, अलीकडे आपले पोलीस. तरी कोणी परवान्यावर, कोणी रानातून ये-जा करायचंच, आणि म्हातारीची माळ कोणाच्या तरी पिशवीतून लालबागला पोचायचीच.

रांधायची रीत साधी. लोखंडी पसरट कढई, मिलच्या भंगारातल्या जाड पत्र्यातून ठोकून घेतलेली. ती थंड असतानाच सॉसेजचे तुकडे टाकायचे. तेलाचा थेंब नाही. मंद शेगडीवर चरबी सुटते आणि कढई लालभडक होते. त्यात कांदा. मग पुस्तकाच्या पानांएवढ्या कोबीच्या फोडी, वर झाकण, झाकणावर वजन म्हणून एक जुना लोखंडी नट. मग ते ऐकणं. शेवटी व्हिनेगरचा एक शिपका आणि पाव. त्या वासाने शेजारच्या सरमळकरकाकू धाडकन दार लावून घ्यायच्या आणि खिडकी मात्र सताड उघडी ठेवायच्या.

चळवळीत कायतान आमच्यापेक्षा कडवा. एका हरताळाला भोंग्याआधीच सगळी मिल बाहेर पडली. हा आत राहिला. लोक म्हणाले, फितूर. हा सांगत होता, "आग पेटती ठेवून कसो येऊ? बॉयलर फुटलो तर महाराष्ट्राक काय मिळतला?" दोन तास लागले विस्तव शांतपणे उतरवायला. मग हात-तोंड धुऊन, टोपी घालून गेटाबाहेर आला. मोर्चा केव्हाच परळच्या पुढे गेला होता. रस्ता रिकामा. हा मधोमध एकटा चालू लागला, मूठ वर, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" आणि मग स्वतःच दुसऱ्या आवाजात, "झालाच पाहिजे!" नाक्यावरच्या पोलिसाने अडवलं. हा म्हणाला, "मागचो मोर्चा हांव." म्हणजे, मागचा मोर्चा मीच. पोलिसाने सलाम केला म्हणतात. मी पाहिलेला नाही, पण कायतानबाबत मी खरं मानतो.

मानत होतो.

एका बुधवारी आमच्या गल्लीच्या तोंडावर अश्रुधूर सोडला. मी सदऱ्याखाली कोबी धरून मागच्या बोळातून त्याच्याकडे पोचलो. सगळी चाळ रडत होती. हा जमिनीवर बसून कांदे चिरत होता, डोळ्यांतून धारा. म्हणाला, "आज कांदे कापूक बरो दिवस. वेगळं रडूक नको."

असे आमचे बुधवार. आता फसवणुकीकडे येतो.

गेल्या वर्षी होळीच्या आधी एका बुधवारी पहिला घास घेतला आणि मी थुंकलोच. सॉसेज नुसतं आंबट, मीठ जास्त, मिरची कच्ची. सौद्यात मी माल बघून घेतो. मी चढ्या आवाजात म्हटलं, "कायतान, हा काय माल? म्हातारीचा हात बिघडला तुझ्या. कळव तिला, तावडे बोलला म्हणून."

तो त्याच्या ताटात पाव मोडत होता. "कळवतां," म्हणाला.

आणि हात सुधारलाही. दोन-तीन बुधवारांत मीठ जागेवर आलं, मिरची भाजलेली आली. शिमग्यानंतर तर मी बोटं चाटत म्हणालो, "बघ, बोललो तर फरक पडला. म्हातारीला सांग, आता ठीक." तो हसला. त्यानंतर प्रत्येक बुधवारी तो पहिला घास माझा व्हायची वाट बघायचा. मला वाटायचं, पाहुण्याचा मान.

यंदा एप्रिलमध्ये पक्की बातमी आली की मुंबई आपली, राज्य आपलं. लालबागेत माणसं एकमेकांना उचलून नाचत होती. मी भर दुपारी गाळा बंद केला, पेढ्यांचा पुडा घेतला आणि थेट मिलच्या गेटावर गेलो. दरवान माझं गिऱ्हाईक, त्याने सोडलं. बॉयलरघरात मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं. कायतान पाठमोरा, सळई कानाला. मी वर बघितलं.

वर, धुराड्याच्या बाजूला, गरम पाइपावर सॉसेजच्या माळा वाळत होत्या. तीन. तोच पांढरा दोरा, त्याच दुहेरी गाठी.

"कायतान! तुझ्या म्हातारीन मिलीत नोकरी धरल्यान काय रे?"

तो वळला. सळई खाली ठेवली, हात पुसले. मला वाटलं, हसेल.

"माय गेली," तो म्हणाला.

"कधी?"

"गेल्या साली. होळीच्या आधी. पत्र दीड महिना फिरून आलं. तू थुंकलो त्याच बुधवारी, सकाळी."

गोव्याला जायचा परवाना मागायचा तर कशासाठी? तोवर थडग्यावरची मातीही सुकली असणार. तो दिवसभर कामावर उभा राहिला आणि संध्याकाळी घरी आला. आधीच्या महिन्यातच माळ संपत आलीय हे बघून त्याने इथल्या खाटकाकडून मांस आणून स्वतः करून बघायला घेतलं होतं, नाही जमलं तर फेकू म्हणून. त्या बुधवारी तेच कढईत टाकलं. मी थुंकलो ते तेच.

"सुधारलं कसं मग?" माझ्या तोंडून एवढंच निघालं. बाजाराची सवय.

"गाव सोडलं तेव्हा अठरा वर्षांचो होतो. मसाल्याचं माप काय आठवता? पण मिरची वाटताना मायच्या रगड्याचो आवाज कसो यायचो, तो आठवता. तसो येईपर्यंत वाटत ऱ्हावलों."

काटा तांबड्यावर गेला होता. मी ओरडलो. बॉयलरापेक्षा मोठ्याने ओरडलो. "मला सांगायला काय झालं होतं? चौदा महिने? मी तुझ्या मेलेल्या आईला निरोप पाठवत होतो, आणि तू 'कळवतो' म्हणत होतास!"

तो शांतपणे म्हणाला, "तू सौद्याचो माणूस, तावडे. कोबी तुझो, सॉसेज माझो. माझो माल संपलो म्हटला असता, तर बुधवारी तू कशाक आलो असतो?"

मी पेढ्यांचा पुडा तिथल्या बाकड्यावर ठेवला आणि बाहेर आलो. रस्त्यावर गुलाल उडत होता. कोणीतरी मला मिठी मारली. कोण ते आठवत नाही.

त्याला तीन बुधवार झाले. मी गेलेलो नाही. सरमळकरकाकू गाळ्यावर येऊन टोमणा मारून गेल्या, "काय हो, हल्ली वास येत नाही! परेरा पाव आणि चहा घेऊन बसतो. भांडलात की काय?" मी त्यांना भाजी देऊन वाटेला लावलं.

पण मला कायतानकडून उत्तर हवं आहे. हे मी लिहितोय ते त्याच्यासाठी. तो मराठी वाचतो, मोठ्याने वाचतो, चाळीलाही ऐकू जाईल. कायतान, मालात केलेली फसवणूक मी सोडली. लालबागचा माल गोव्याचा म्हणून खपवलास, तो गोव्याच्या तोडीचा होता, मी मान्य करतो, आणि असं मी कोणाला सांगत नसतो. मी तक्रार करतोय ती दुसरी. इतकी वर्षं एका कढईत हात घालून जेवलो आणि तू मनाशी धरून बसलास की मी सॉसेजच्या सहा तुकड्यांसाठी येतो. एवढा मोठा बॉयलर तू नुसत्या कानाने ओळखतोस. समोरचा माणूस ओळखता आला नाही? की ही ओळख मीच तुला दिली, रोज घासाघीस करून, रोज ओरडून? तसं असेल तर तेही माझ्या तोंडावर सांग.

बुधवारी सातला मी येतोय. कोबी आणि कांदे आणतो. सॉसेज असो नसो, कढई शेगडीवर ठेव, समोर बस, आणि झाकण उघडायच्या आत मला याचं उत्तर दे.