आवाजाची मोजणी

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा उडवलं. कारण यात मी एक खोटं बोललोय आणि ते अजून चालू आहे. पण गावाबाहेरच्या शेतांत आता सतरा शेड उभ्या आहेत, आणि त्या कशामुळे उभ्या राहिल्या हे फक्त दोघांना माहीत आहे. एक मी, दुसरा ऋषी. ऋषी बोलणार नाही. म्हणून मीच. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. खालापूरकडचं चौक गाव आणि कुंभिवली यांच्या मधे कुठंतरी, एवढं बस.

ऋषी म्हणजे ऋषिकेश. कुंभिवलीच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. त्याला रेडिओचा नाद. ऐकायचा नाही, बोलायचा. सरकारी परीक्षा देऊन लायसन काढलेला हौशी रेडिओवाला. घराच्या पत्र्यापासून चिंचेपर्यंत त्याने तार ताणलीय, आणि त्या तारेवर त्याची आई छायाकाकू कपडे वाळत घालत नाही, हे त्याचं आजवरचं सगळ्यात मोठं यश.

हा नाद लावला शशिकांतकाकांनी. काका भिवपुरीच्या वीजघरात होते. रिटायर झाल्यावर आमच्या गावात तीन गुंठे जागा घेऊन ठेवली, पण घर काही झालं नाही. त्यांची बायको वारली, आणि मुलगा काकांना सांगलीला घेऊन गेला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला काका सांगलीहून रेडिओवर हाक मारणार आणि ऋषी इथून उत्तर देणार. फोन आहे की, असं कुणी म्हटलं तर काका म्हणायचे, "फोन गॅस सिलिंडरचा नंबर लावायला असतो."

गणपती झाले आणि ऋषीच्या रेडिओत खरखर सुरू झाली. साधी नाही. कढईत ओली मिरची टाकल्यासारखी. काकांना ऋषी ऐकू यायचा, ऋषीला काका नाहीत. मग दोघं रेडिओ बंद करून फोन करायचे.

"काका, आज काय म्हणालात?"

"काही नाही रे. तुला ऐकू येतंय का, तेच विचारत होतो पंधरा मिनिटं."

असं महिनाभर चाललं. मग एके दिवशी काकांनी फोनवर सांगितलं की मुलाने पुण्यात फ्लॅट घेतलाय. सहावा मजला. गच्चीवर अँटेना लावायला सोसायटीची बंदी. दोन आठवड्यांनी रविवार येतोय तो शेवटचा, सोमवारी सामान हलणार.

"एकदा तरी रेडिओवर ऐक रे मला," काका म्हणाले. "मग संच कपाटात ठेवतो."

ऋषीने फोन ठेवला आणि मला म्हणाला, "रुद्र, आवाज कुठून येतो ते शोधायचं. यंत्र घ्यायचं."

यंत्राचं नाव स्पेक्ट्रम ॲनालायझर. हवेत कुठल्या लहरी किती जोरात चालल्यात ते पडद्यावर दाखवतं. प्रयोगशाळेतलं घ्यायचं तर दारातला टेंपो विकावा लागला असता, आणि टेंपो चुलत्याचा होता. पण हातात मावणारं चिनी बनावटीचं एक निघालंय, साध्या मोबाईलपेक्षा स्वस्त. त्याच्याही नकला निघाल्यात. खरं कुठलं नि नकली कुठलं यावर ऋषीने दोन दिवस व्हिडिओ बघितले. एवढी चौकशी त्याच्या बहिणीला स्थळ बघताना झाली नव्हती. छायाकाकूंनी हे त्याला तोंडावर सांगितलं.

कुरियरवाला गावात यायला तयार नव्हता. चौकला एका गॅरेजपाशी त्याने पुडकं हातात दिलं. आम्ही शेजारच्या टपरीवर चहा सांगून ते उघडलं. पत्त्याच्या कॅटएवढी डबी, तिच्यावर छोटा पडदा, पडद्यावर वळवळणारी पिवळी रेघ.

पलीकडच्या बाकावर सदूनाना बसले होते. आमच्याच गावचे, ऋषीच्या शेताला लागून त्यांचं शेत.

"काय रं, शुगर तपासायचं काय?"

"नाय नाना. हवेतलं मोजायचं हाय."

"हवेतलं," नाना म्हणाले आणि चहा संपेपर्यंत त्या डबीकडे बघत राहिले.

आता आमची चूक सांगतो. ॲनालायझरला अँटेना लागते. ऋषीने घरातली जुनी चाळण मोडून तिच्या कड्यावर वायर गुंडाळली. रोज संध्याकाळी सहाला, म्हणजे खरखरीच्या वेळेला, आम्ही निघायचो. एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात कडं. बांधावर उभं राहायचं, कडं हळूहळू फिरवायचं, पडद्यावरची रेघ जिथं उंच उडेल ते वहीत लिहायचं. आणि ती जागा उद्या सापडावी म्हणून तिथं काठी रोवून तिला लाल फडकं बांधायचं.

खालापूर तालुक्यात. शेतात. लाल फडकं.

ज्या भागात रस्ता, रेल्वे, पाईपलाईन, सगळं आधी फडकं होऊन येतं, तिथं आम्ही दोघांनी, इथंच जन्मलेल्यांनी, चार दिवसांत चौदा काठ्या रोवल्या.

पाचव्या दिवशी सदूनाना बांधावर भेटले.

"कशाची मोजणी रं ही?"

"मोजणी नाय नाना. रेडिओत आवाज येतो, तो कुठनं येतो ते बघतोय."

नानांनी एक डोळा मिटला. "बरं बरं. नको सांगू. तुमाला पण वर जबाब द्यायचा असंल."

"अहो खरंच नाय."

"मी कुठं काय म्हनलो? फकस्त येक सांग. रस्ता हाय का रेल्वे?"

"दोन्ही नाय."

"मंजे तिसरंच कायतरी हाय," नाना म्हणाले आणि लगबगीने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या भातखाचराच्या कडेला आंब्याची तीस कलमं उभी. तिसऱ्या दिवशी पत्र्याची शेड. आमच्याकडे हे लहान पोरालाही कळतं. जमीन जाणार असली की नुसत्या जमिनीचे पैसे वेगळे, झाडाचे वेगळे आणि बांधकामाचे वेगळे. नानांनी शेड टाकली म्हटल्यावर त्यांच्या भावाने, पोशाने, दोन टाकल्या. मग कुणी थांबेना. कर्जतचा पत्रेवाला दिवसाला दोन फेऱ्या करायला लागला.

गोदूबाई एकटी बाई, शेत थोडं आडबाजूला. ती ऋषीच्या दारात येऊन बसली.

"माज्याकडं काटी का नाय रं लावली? मी काय वाकडं केलं तुमचं?"

"मावशी, तुझ्याकडं आवाज नाय येत."

"म्हातारीचा आवाज येतोय कुनाला," ती म्हणाली आणि गेली. सकाळी बघतो तर आमची नऊ नंबरची काठी तिच्या शेताच्या मधोमध. आणि पोशाच्या शेतातल्या दोन काठ्या गायब, कारण त्याच्या बायकोला जमीन द्यायचीच नव्हती. शेड मात्र तिने ठेवल्या. ऋषीची वही आता कशाच्याच कामाची राहिली नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. नुसती शेड उभी करून भागत नाही, ती वापरातली दिसायला पाहिजे. म्हणून प्रत्येकाने घरापासून वायर ओढून शेडमधे दिवे लावले. चौकच्या हातगाडीवर मिळतात ते, सगळ्यात स्वस्त एलईडी. आणि मोजणीवाले सहाला येतात हे गावाला पाठ होतं, म्हणून दिवे बरोबर पावणेसहाला लागायचे.

हे स्वस्त दिवे रेडिओचे दुष्मन. एकेक दिवा म्हणजे एकेक मिरची कढईत. पहिल्या दिवशी पडद्यावर रेघेच्या दोन टेकड्या होत्या. आता सगळा सह्याद्री उभा होता. शनिवार उजाडला तेव्हा ऋषीला सांगलीचं सोडा, चौकचं ऐकू आलं नसतं.

"आपनच केलं हे," ऋषी म्हणाला. ओट्यावर बसला होता, यंत्र मांडीवर. "घेतलंच नसतं तर निदान दोन टेकड्या तरी होत्या."

"सगळ्यांना खरं सांगू."

"तीनदा सांगितलं. जेवढं सांगतो तेवढे पत्रे वाढतात."

हे बरोबर होतं. आदल्याच दिवशी देवळासमोर उभं राहून त्याने वही दाखवली होती, यंत्र दाखवलं होतं, काकांचं नाव घेतलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग गावातले म्हातारे चांगोबाबा म्हणाले, "पोर शिकवल्यावानी बोलतंय, मंजे मोठी बाब हाय." त्या रात्रीत चार शेड वाढल्या.

मी खोटं बोलत नाही असं नाही, पण कारणाशिवाय बोलत नाही. त्या दिवशी कारण होतं. मी उठलो, पानाच्या टपरीवर गेलो, सदूनाना होतेच. त्यांच्याकडे न बघता टपरीवाल्याला म्हणालो, "उद्या सहा ते सात वरून फोटो घेणार हायेत म्हणं. ज्या शेडमधे उजेड दिसंल तिला राहतं घर धरनार. आनि राहत्या घराला आधी परवानगीचा कागद मागनार."

कागद कुणाकडेच नव्हता.

मी सुपारी कातरून होईपर्यंत नाना टपरीवर नव्हते. मी घरी पोचायच्या आत छायाकाकूंनी मला तीच बातमी सांगितली, वर हेही सांगितलं की फोटो काढणारं विमान दिल्लीहून येणार आहे.

रविवारी पावणेसहाला एक दिवा लागला नाही. नानांनी शेडचाच काय, घराचा मेन स्विच पाडला. ते बघून शेजाऱ्यांनी पाडले. पोशाने रानडुकरांसाठी लावलेलं विजेच्या तारेचं कुंपण बंद केलं. गोदूबाईने मोबाईलसुद्धा बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला, उगं कशाला. सगळं गाव ओट्यांवर बसून आभाळाकडे बघत होतं, एकमेकांशी कुजबुजत.

ऋषीने रेडिओ बॅटरीवर लावला. यंत्र बाजूला ठेवलं. पिवळी रेघ खाली, सपाट, लावणी झालेल्या खाचरातल्या पाण्यासारखी. पहिल्या दोन टेकड्यापण गेल्या होत्या. मूळ आवाज कुणाच्या घरचा होता ते आजपर्यंत कळलेलं नाही.

सहा वाजले. आणि काका आले. समोरच्या खुर्चीत बसल्यासारखे स्वच्छ. ऋषीचा कॉलसाइन, म्हणजे लायसनवरचा नंबर, मग स्वतःचा, मग, "ऋषिकेश, ऐकू येतोय का? ओव्हर."

ऋषी बटण न दाबताच उत्तर द्यायला लागला. मी त्याला ढोसलं.

"येतंय काका. समदं येतंय. ओव्हर."

काका खोकले. तो खोकलासुद्धा ऐकू आला. मग म्हणाले, "छान. आता नीट ऐक, हे महत्त्वाचं आहे. तिकडे मोजणी आलीय ना? मला सदूने कळवलं. माझ्या तीन गुंठ्यांत काठी आहे का रे? ओव्हर."

ऋषी माझ्याकडे बघायला लागला. हवेवर व्यवहाराचं बोलायचं नाही, हा पहिला नियम याच माणसाने आम्हाला हातावर छडी मारल्यासारखा शिकवला होता.

"काका, ते... तुमी उद्या पुण्याला चाललाय ना? ओव्हर."

"नाही. पुणं रद्द. मुलाला सांगितलं, जागेवर हक्क दाखवायचा तर जागेवर राहावं लागतं. तोही लगेच हो म्हणाला, मोबदल्याचं ऐकून. मी गुरुवारी येतोय. शेड टाकतो तिथेच, खाट टाकतो, अँटेना लावतो. पाच वर्षं तो मला एकटं राहू देत नव्हता रे, आणि आज पाच मिनिटांत मानला. ओव्हर."

त्यांचा आवाज एवढा खुशीत मी कधी ऐकला नव्हता, आणि आता तो ऐकायला रेडिओची गरजही उरणार नव्हती. काकांचे तीन गुंठे ऋषीच्या घरापासून दोनशे पावलांवर आहेत.

ऋषी बटणावर बोट ठेवून बसला. मोजणी नाही हे सांगितलं तर काका सहाव्या मजल्यावर. ज्या माणसाने त्याला हवेवर खरं बोलायला शिकवलं, त्याच्याशी तो पहिल्यांदाच एवढं स्वच्छ बोलत होता.

"हाय काका," तो म्हणाला. "काठी हाय तुमच्या जागेत. ओव्हर."

काठी नव्हती. सात वाजता नानांनी मेन चालू केला आणि कढई परत पेटली. ऋषीने रेडिओ बंद केला, माझ्याकडे बघितलं नाही, नुसतं म्हणाला, "काका हायेत तोवर मोजणी बंद पडली नाय पायजे."

मी त्याला शब्द दिला. गुरुवारच्या आत काकांच्या जागेत काठी रोवतो, आणि पुढे दर शनिवारी एक काठी इकडची तिकडे करत राहीन, पगार नाही मिळाला तरी.